साठीनंतर परदेशातील इंग्रजीचा वर्ग



शाल-श्रीफळ घेऊन साठाव्या वर्षी घरी बसलेल्या इंग्रजीच्या शिक्षकाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, इंग्रजी चांगले आहे, मुले मार्गी लागली आहेत, मग परदेशात जाऊन का शिकवत नाही?" प्रश्न चांगला आहे, पण त्याचे उत्तर सहसा अर्धवट माहितीवर दिले जाते. म्हणून हा लेख.

वय आड येते, पण सर्वांत आधी आड येतो पासपोर्ट. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा पूर्वी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळत असे. भारताशी झालेला आर्थिक करार २०१० साली अमलात आला, तेव्हा पदवी व इंग्रजी अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांसाठी ते दार किलकिले झाले. चीनमध्ये भाषेचा शिक्षक घेताना इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचे नागरिकत्व पाहतात, आणि साठी उलटली की कामाचा परवाना मिळणे फार कठीण. अमेरिकेच्या पीस कोअरला वयाची वरची मर्यादा नाही. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८व्या वर्षी, तिच्यामार्फतच आपल्या विक्रोळीत आल्या होत्या (परिचारिका म्हणून, शिक्षिका म्हणून नव्हे). पण ती सोय अमेरिकन नागरिकांची.

भारतीय शिक्षकाची जुनी वाट आफ्रिकेकडे जाते. इथिओपियात सम्राट हैले सेलासी यांच्या काळात, म्हणजे १९७४ पूर्वी, अनेक शाळांत भारतीय शिक्षक होते. २००० नंतर तेथे नवी विद्यापीठे झपाट्याने निघाली तेव्हा पुन्हा भारतीय प्राध्यापकांना बोलावणे आले. त्यांत निवृत्त झालेलेही होते. ती लाट आता ओसरली आहे, आणि २०२० ते २०२२ या काळात टिग्रे प्रांतात मोठे युद्धही झाले. तरीही त्या देशातला वर्ग आपण समजून घ्यावा असे मला वाटते, कारण तो आपल्या बेळगावच्या वर्गासारखा आहे.

तेथील १९९४च्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून होते. कोणी ओरोमो भाषेतून शिकतो, कोणी अम्हारिक, कोणी टिग्रिन्या. माध्यमिक शाळेत मात्र सगळे विषय एकदम इंग्रजीतून. आपली मुले दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पीयूसीच्या पहिल्या दिवशी भौतिकशास्त्राचे इंग्रजी पुस्तक हातात पडते, तसेच. ज्या शिक्षकाने हे आपल्या मुलांच्या बाबतीत तीस-पस्तीस वर्षे पाहिले आहे, त्याला तेथला गप्प बसलेला वर्ग ‘ढ’ वाटणार नाही. मुलाला विज्ञान कळते, शब्द सापडत नाही, हे तो ओळखतो. माझ्या मते इंग्रजी मातृभाषा असलेल्या बावीस वर्षांच्या तरुणापेक्षा अशा वर्गाला आपल्यासारखा शिक्षक जास्त उपयोगी.

भाषेतही ओळखीच्या खुणा भेटतात. अम्हारिकमध्ये क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येते. आपण ‘आला’, ‘आली’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘बंदनु’, ‘बंदळु’, तसे अम्हारिकमध्ये ‘मत्ता’ आणि ‘मत्ताच’. कोण आले ते क्रियापदच सांगते, सर्वनामाची गरज पडत नाही. इंग्रजीत नुसते ‘केम’ म्हणून भागत नाही, ‘ही’ किंवा ‘शी’ आधी लावावेच लागते. ही चूक मुले का करतात हे आपल्याला समजावून घ्यावे लागत नाही. त्यांची लिपीही पाहण्यासारखी आहे : मूळ अक्षरे तेहतीस, आणि प्रत्येकाची स्वरांप्रमाणे सात रूपे. बाराखडी शिकवलेल्या माणसाला ती परकी वाटणार नाही.

पण एक गंमत लक्षात ठेवावी लागते. तेथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. मुलाने निबंधात ‘मी दोन वाजता शाळेत आलो’ असे लिहिले तर तो उशिरा आलेला नाही, आठ वाजता आला आहे. लाल शाईने खूण करण्याआधी त्याला विचारावे. वर्षाचे महिनेही तेरा, आणि सन आपल्या इंग्रजी सनाच्या सात-आठ वर्षे मागे. शके आणि सन दोन्ही लिहिणाऱ्या आपल्या लोकांना याचे नवल वाटू नये.

आता अवघड भाग. पस्तीस वर्षे धडा वाचणे, अर्थ सांगणे, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देणे, ही सवय सोबत नेऊन चालत नाही. समोरच्या मुलांची भाषा आपल्याला येत नाही, तेव्हा अर्थ सांगायचा कशात? केंब्रिजचा सेल्टा अभ्यासक्रम नेमके हेच शिकवतो. तो सुमारे १२० तासांचा असून त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावे लागते आणि प्रशिक्षक मागे बसून टिपणे घेतो. वयाची वरची अट नाही. आपल्या मुलाच्या वयाचा प्रशिक्षक "तुम्ही फार बोललात, मुले बोललीच नाहीत" असे सांगेल. ते ज्याला ऐकून घेता येईल त्यानेच पुढचा विचार करावा. भूतकाळाचा नियम सांगण्याऐवजी मुलांना जोडीने बसवून ‘काल काय केलेस?’ हे एकमेकांना विचारायला लावणे, आणि शिक्षकाने गप्प राहणे, हे दिसते तितके सोपे नाही.

तब्येतीचे म्हणाल तर अदिस अबाबा २,३०० मीटरहून उंचावर आहे. बेळगाव साधारण साडेसातशे. रक्तदाब वा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. त्या देशातून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो, आणि ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर या लसीपासून गंभीर त्रासाचा धोका काहीसा वाढतो, म्हणून ती घ्यावी की बेतच बदलावा, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. जेवणाची काळजी नको. ‘इंजेरा’ ही आंबवलेल्या टेफ धान्याची मोठी आंबोळीच, आणि बुधवारी-शुक्रवारी तेथील ख्रिस्ती लोकांचा उपास असल्याने बिनमांसाचे पदार्थ सर्वत्र मिळतात. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नये. २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’ पद्धतीने संगणकावरूनही देता येतो.

विद्यार्थ्यांसाठी थोडा गृहपाठ. ‘आलो’, ‘आलीस’, ‘आली’, ‘आले’ हे चार शब्द इंग्रजीत लिहा, मग घरात कन्नड येत असेल तर कन्नडमध्येही. प्रत्येक ठिकाणी किती शब्द लागले ते मोजा. ‘आले’ची किती उत्तरे निघतात ते वर्गात सांगा. स्वयंपाकघरातले आले धरू नये.