जत्रा सरली, धडधड सरली नाही

अगो बाय, बाजारात मागून कुणाचा खांदा लागला की अजून तुझ्या छातीत धडधडतं, तळहात गार पडतात, हे तू मला केवढं चोरून सांगितलंस! यात लपवण्यासारखं काय आहे? ३ मे २०२५ च्या पहाटे गोव्यातल्या शिरगावात लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, कितीतरी जखमी झाली. तू त्या लोटात होतीस. अंगावर ओरखडाही नाही, म्हणून घरात सगळे म्हणतात, देवीनं राखलं, आता विसर. देवीनं राखलं हे मीही मानते. पण डोकं विसरलं म्हणून पाय विसरतात असं नाही.

त्या क्षणी काय झालं ते नीट समजून घे. गर्दी दाबू लागली तेव्हा मेंदू तुला विचारत बसला नाही. अ‍ॅड्रेनॅलिन सुटलं, काळीज जोरात चालू लागलं, रक्त हातापायांत धावलं. पळ, नाहीतर झुंज. पण पळायला वाट नव्हती, हात उचलायला फट नव्हती. अशा वेळी शरीर तिसराच मार्ग धरतं, ते गोठतं. ‘मी ओरडले का नाही, शेजारच्या बाईचा हात का धरला नाही’ म्हणून तू रात्र रात्र स्वतःला बोल लावतेस ना? ते तुझ्या हातात नव्हतंच, बाय. तुझ्या शरीरानं तुला जगवायला जे सुचलं ते केलं. आता धोका टळला, पण पहारा उठवायचा निरोप त्याला अजून पोचलेला नाही, एवढंच.

हा निरोप शब्दांपेक्षा शरीराच्या वाटेनं लवकर पोचतो, असं मानणारी उपचारपद्धत आहे. अमेरिकेतल्या पीटर लेव्हिन यांनी ती मांडली, त्यांचं पुस्तक १९९७ साली आलं. त्यात घडलेलं पुन्हा पुन्हा सांगायला लावत नाहीत. आत्ता अंगात कुठे काय होतंय, घसा आवळतोय की पोटात गोळा येतोय, एवढंच विचारतात. त्या जागी क्षणभर थांबायचं आणि लगेच अंगातल्या शांत जागेकडे यायचं, मग ते तळपाय असोत की मांडीवर टेकलेले हात. थोडं जायचं, परत यायचं. या पद्धतीचे पुरावे अजून थोडे आहेत, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण शरीराची वाट खोटी नाही. बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ साली ६४ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या आघातावर इतर उपचार लागू न पडलेल्या बायका होत्या त्या. दहा आठवडे सावकाश, जबरदस्ती न करता योग केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या आजाराच्या निकषातून बाहेर आल्या. योग न केलेल्या दुसऱ्या गटात हे प्रमाण साधारण पाचात एक होतं.

तू घरी काय करायचंस? धडधड सुरू झाली की आधी डोळे उघडे ठेव. डोळे मिटून ध्यानाला बस असं कुणी सांगितलं आणि भीती वाढली, तर ते तुझ्यासाठी नाही. मान सावकाश फिरवून खोली बघ. दार कुठे, खिडकी कुठे, तुळशीपाशी कोण उभं आहे. अनवाणी पाय थंड लादीवर टेकव आणि टाचा दाब. मग दोन्ही तळवे भिंतीला लावून भिंत ढकल. त्या पहाटे जे हात हलू शकले नाहीत, त्यांना आता जोर लावू दे. श्वास ओढण्यावर भर नको, सोडणं लांबव. सोडताना भ्रमरासारखा गुंजारव केलास तर आणखी बरं. श्वास सावकाश सुटला की व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून हृदयाची गती उतरते. हात थरथरले, जांभया आल्या, रडू फुटलं तर अडवू नकोस.

आणि पौषात मांडावर धालोला, आपल्या बायकांच्या त्या नाचगाण्याला, जा. मी हे उगाच म्हणत नाही. ओळखीच्या बायकांच्या हातात हात गुंफलेले, समोर दुसरी रांग, सगळ्यांनी एका तालात वाकायचं, पुढे यायचं, मागे सरायचं. अंगाला अंग लागलं तरी जीव घाबरत नाही, हे तुझ्या शरीराला पुन्हा कळायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. पहिल्या रात्री कडेला बसून नुसतं बघितलंस तरी चालेल.

आता त्या पत्रकाबद्दल. पेडण्याला दिलेल्या मावसबहिणीनं तुला मांद्र्याच्या शिबिराचं पाठवलंय, तीन दिवसांत आघातातून मुक्ती म्हणे. हरमल, मोरजी, आश्वे या पट्ट्यात अशी शिबिरं कितीतरी चालतात. काही मनापासून शिकवणारे असतीलही. पण तीन दिवसांत मुक्तीचं वचन देणाऱ्याकडे तू जाऊ नकोस. जोरजोरात भराभर श्वास घ्यायला लावतात तिथे तर मुळीच नको. त्यानं चक्कर येते, बोटं आखडतात, आणि तुझ्यासारखीला तीच पहाट पुन्हा अंगावर येऊ शकते. न विचारता हात लावणारा, ‘अजून रड, सगळं बाहेर काढ’ म्हणणारा, घरी सांगू नकोस म्हणणारा गुरू दिसला की चप्पल घालून सरळ बाहेर पड. कुणाला वाईट वाटेल याचा विचार करू नकोस.

तू जायचंस ते शिकलेल्या माणसाकडे. भारतीय पुनर्वसन परिषदेत नोंदणी आहे का, हे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला बेधडक विचार. आघातावर काम केलंय का, तेही विचार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली अशा आजारासाठी आघातावर केंद्रित वर्तनोपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं केला जाणारा उपचार) यांची शिफारस केली आहे. शरीराचे व्यायाम त्यांच्या जोडीनं चालू देत, त्यांच्या जागी नको. आणि शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नकोस.

बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. लोक त्या नावानं तोंडं वाकडी करतात, करू देत. दिवसा बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी डिचोलीला घरी येता येतं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर उद्यावर ढकलू नकोस. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीतून बोलता येतं. आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेव, आणि बांबोळीला जायच्या दिवशी मला कळव, मी येते तुझ्याबरोबर.