छोट्या गाडीत जेट इंजिन : ते चालू कसं करायचं?



मागून ज्वाळा फेकणाऱ्या फोक्सवॅगन बीटलचे व्हिडिओ तुमच्या मुलांनी बहुधा पाहिले असतील. कॅलिफोर्नियातले अभियंते रॉन पॅट्रिक यांनी ही गाडी तयार केली. पुढे तिचं मूळचं पेट्रोल इंजिन आहे, पुढची चाकं तेच फिरवतं. मागे जनरल इलेक्ट्रिकचं टी-५८ हे हेलिकॉप्टरचं इंजिन बसवलं आहे. १,३५० अश्वशक्तीचं हे इंजिन कमीत कमी गतीलाही मिनिटाला १३,००० फेरे घेतं, जास्तीत जास्त २६,०००. (आपल्या नौदलाच्या सी किंग हेलिकॉप्टरमधलं ग्नोम इंजिन याच टी-५८ च्या परवान्यावर ब्रिटनमध्ये बनलं, हे मुलांना जरूर सांगा.)

मुलं लगेच विचारतात, "सर, स्पीड किती?" मला मात्र वर्गासाठी दुसराच प्रश्न आवडतो. हे इंजिन चालू कसं करतात? कारण त्याच्या उत्तरात दहावीचा 'विद्युतधारेचे परिणाम' हा पाठ जवळजवळ सगळा येतो.

आधी आपल्या नेहमीच्या गाडीचं बघू. पेट्रोल इंजिनात झडपा बंद झाल्या की पिस्टन हवा दाबतोच, मग तो हळू फिरत असला तरी. म्हणून स्टार्टरने एक-दोन सेकंद फिरवलं की काम होतं. जेटमध्ये हवा कोंडून धरणारी झडपच नाही. टी-५८ मध्ये पात्यांचे १० टप्पे एकामागून एक हवा दाबत नेतात, आणि दाब तयार होतो तो फक्त वेगामुळे. वेग नाही तर दाब नाही. म्हणून स्टार्टरने आधी हजारो फेऱ्यांपर्यंत ओढत न्यायचं, मग ठिणगी आणि इंधन द्यायचं, आणि ज्योत पेटल्यावरही सोडायचं नाही. इंजिन स्वतःच्या बळावर वेग वाढवू लागेपर्यंत स्टार्टरने साथ द्यायची. यात सहज पंधरा-वीस सेकंद जातात, कधी त्याहून जास्त.

मध्येच बॅटरी दमली तर? इंधन येत राहतं, हवा कमी पडते. थंड ठेवणारी जादा हवाच नसल्यामुळे टर्बाइनची पाती काही सेकंदांत तापून खराब होऊ शकतात. इंजिन चालू होत नाही म्हणून इंधन वाढवावं असं मुलांना वाटतं. इथे तेच घातक ठरतं.

आता वीज. विमानातली व्यवस्था साधारण २८ व्होल्टची, गाडीतली १२ ची. समजा स्टार्टरला ६,००० वॅट लागतात आणि तारांचा रोध ०.००४ ओहम आहे (आकडे गणितापुरते घेतलेत). १२ व्होल्टला धारा ५०० अँपिअर. उष्णता म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध गुणिले काळ, म्हणजे दर सेकंदाला १,००० ज्यूल नुसते तारेत जातात. वर १२ पैकी २ व्होल्ट वाटेतच संपतात! २४ व्होल्टला धारा २५० अँपिअर, तारेतली उष्णता २५० ज्यूल. धारा निम्मी, उष्णता पाव. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकसरीत जोडायच्या, बस्स. ट्रक आणि एसटी बसमध्ये हेच असतं, त्यासाठी अमेरिकेत जायला नको.

पण या दोन बॅटऱ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या व्यवस्थेपासून वेगळ्या ठेवाव्यात. दोघींपैकी एकीवरूनच दिवे नि हॉर्न घेतले, तर ती आधी उतरते आणि ऐन वेळी जोडी लंगडी पडते. शिवाय साठा एका प्रयत्नापुरताच ठेवून चालत नाही. ज्योत पेटलीच नाही तर आत साचलेलं इंधन बाहेर काढायला, इंधन बंद ठेवून इंजिन पुन्हा फिरवावं लागतं.

सगळ्यात नाजूक काम तापमान मोजण्याचं. ते थर्मोकपल करतं, आणि नेहमीच्या क्रोमेल-अल्युमेल प्रकारात ६०० अंशांना मिळतात फक्त २५ मिलिव्होल्टच्या आसपास. एका मिलिव्होल्टची चूक म्हणजे सुमारे २४ अंशांची चूक. त्याच वेळी शेजारच्या तारेतून शेकडो अँपिअर धावत असतात. स्टार्टरची परतीची धारा गाडीच्या पत्र्यातून नेली आणि मापकाची तारही त्याच पत्र्याला टेकली, तर काटा नेमका सुरुवातीच्या सेकंदांत खोटं बोलू शकतो. म्हणून स्टार्टरची जाड परतीची तार थेट बॅटरीला, आणि थर्मोकपलच्या दोन्ही तारा पिळून, लांबून न्यायच्या.

घरी करून बघण्याजोगं एकच सांगतो, पालकांनी सोबत थांबून. दुचाकी न्यूट्रलला, स्टँडवर आणि मोकळ्या हवेत उभी करा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन टोकांना लावा. वाचन लिहा, मग सेल्फ मारताना पुन्हा बघा. आकडा किती खाली येतो ते मुलांनाच नोंदवू द्या, आणि विचारा : हाच स्टार्टर वीस सेकंद सलग चालवावा लागला असता, तर?