व्हेंटिलेटरवरचा पेशंट पुण्याला हलवताना

‘पुण्याला न्या’ असं डॉक्टरांनी म्हटलं की घरचे आधी गाडीचं भाडं विचारतात. विचारा, पण ऑक्सिजन त्याआधी विचारा. साताऱ्याहून पुणे साधारण 110 किलोमीटर, सांगलीहून 230. पेशंटला मिनिटाला 15 लिटर लागत असेल, तर 1,500 लिटरचा छोटा बी सिलिंडर 100 मिनिटांत रिकामा होतो. खंबाटकी घाटात गाडी अडकली, तर साताऱ्याच्या पेशंटलाही तो पुरायचा नाही. 7,000 लिटरचा जंबो सुमारे पावणेआठ तास चालतो. स्वतः गाडीत चढून मीटरचा काटा बघा. काटा निम्म्यावर म्हणजे गॅसही निम्माच. प्रवासाच्या अंदाजाच्या दुप्पट साठा असल्याशिवाय पेशंट हलवू देऊ नका.

आता पैसे. 2014 पासूनची 108 रुग्णवाहिका सेवा मोफत आहे. मात्र सुरुवातीच्या 937 गाड्यांत व्हेंटिलेटरसह ‘ॲडव्हान्स’ गाड्या 233च होत्या, म्हणून व्हेंटिलेटरची गाडी हवी, असं फोनवर स्पष्ट सांगा. खासगी कार्डियाक गाडी बहुधा परतीचं अंतरही लावते. समजा दर किलोमीटरला 25 रुपये ठरला, तर सांगलीचे 460 किलोमीटर धरून 11,500 होतात, साताऱ्याचे 5,500. डॉक्टर, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, टोल आणि थांबण्याचे पैसे यात आहेत की वेगळे, ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्राने सिलिंडरच्या ऑक्सिजनला घनमीटरला 25.71 रुपये कमाल दर बांधला होता. त्या दराने जंबोतला गॅस कर आणि वाहतूक सोडून 180 रुपयांचा. ऑक्सिजनच्या नावाखाली हजारो रुपये लावले, तर हिशेब मागायला संकोचू नका. पेशंटच्या वाहतुकीला जीएसटी माफ आहे, हेही लक्षात असू द्या.

व्हेंटिलेटरही कमी पडला, तर एक्मो. यात रक्त नळीने बाहेर काढून, यंत्रात ऑक्सिजन भरून परत शरीरात सोडतात. मोठ्या केंद्राची टीम इथल्या आयसीयूत येऊन नळ्या घालते आणि पेशंटला यंत्रासकट नेते. हा खर्च लाखांत जातो. टीमचे, सर्किटचे आणि रोजचे पैसे वेगवेगळे विचारा; किती दिवस लागतील, ते कुणीच छातीठोक सांगत नाही.

पुण्यात बेड पक्का झाल्याचं तिथल्या डॉक्टरांच्या तोंडून ऐका. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते रुग्णालय आणि तो उपचार यादीत आहे का, हे आरोग्यमित्राला निघण्यापूर्वीच विचारा. धर्मादाय रुग्णालयात वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर मोफत आणि 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर निम्म्या दराच्या खाटा राखीव असतात. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार पिशवीत घालूनच गाडीत बसा.