आधी दिवा बघा

मोरा बंदराजवळ राहणाऱ्याला खाऱ्या हवेची ओळख करून द्यायला नको. खिडकीचे गज, सायकलची चेन, दाराची कडी, सगळं ती खाते. कॉम्प्युटरच्या लॅन पोर्टाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

माझ्याकडे ऐन पावसाळ्यात, केबल नीट खोचलेली असताना, 'केबल जोडलेली नाही' असं स्क्रीनवर येऊ लागलं. वायफाय चालू होतं. दुरुस्तीवाला म्हणाला, विंडोज नव्याने टाकू. मग म्हणाला, मदरबोर्डच गेला. मी दोन्हीला नकार दिला, कारण पोर्टाजवळचा बारीक दिवा पेटत नव्हता. कार्ड बंद असतं किंवा ड्रायव्हर बिघडलेला असता, तर केबल नसल्याचं तरी कुणी कळवलं असतं? म्हणजे दोष बहुधा तारेत, पोर्टात किंवा पलीकडच्या राऊटरात. (दिवा पेटतोय, पण आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होतोय, तर गोष्ट वेगळी: राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तेव्हा राऊटर बंद करून पुन्हा चालू करावा.)

तीच केबल, राऊटरचं तेच पोर्ट, फक्त कॉम्प्युटर दुसरा, असं करून पाहा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर दिवा लगेच लागला. मग बॅटरीच्या उजेडात कॉम्प्युटरच्या पोर्टात डोकावलो, तर पिनांवर हिरवट थर! सोन्याचा पातळ मुलामा झिजला की खालच्या तांब्याला गंज धरतो.

कॉम्प्युटरचा प्लग काढून, मऊ ब्रशला जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, पिना न वाकवता पुसायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. नेलपॉलिश रिमूव्हर नको, प्लॅस्टिक विरघळतं. सुई तर मुळीच नको.

पुसल्यावर दिवा पेटला, पण वेग १००० ऐवजी १०० मेगाबिटच. हे फार जणांच्या ध्यानात येत नाही: १०० ला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. एखादी पिन अजून रुसलेली होती. शेवटी यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर घेतला. मदरबोर्डापुढे त्याची किंमत काहीच नाही.

आता रिकाम्या पोर्टांना रबरी टोपणं लावतो आणि विजा कडाडू लागल्या की केबल काढतो. इंटरनेट येतं त्या फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंत तांबंच आहे आणि राऊटर घरच्या विजेवर चालतो.