रक्ताची वाट अडते तेव्हा



लेवीय पुस्तकाच्या 17 व्या अध्यायात रक्ताचा संबंध थेट जीवनाशी जोडलेला आहे. शरीरात रक्त कसे काम करते हे पाहिले की त्याचा अर्थ अधिक उलगडतो. या पाठात आपण ते काम समजून घेऊ आणि अनेक आदिवासी कुटुंबांना छळणाऱ्या सिकलसेल या आजाराविषयी शिकू.

रक्ताचा प्रवास

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 5 लिटर रक्त असते. मुठीएवढे हृदय दिवसाला सुमारे 1 लाख ठोके देऊन ते फिरवत ठेवते. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते. तिथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला येते आणि धमन्यांतून सर्व शरीरात जाते. धमन्यांना फाटे फुटत शेवटी केसाहूनही बारीक वाहिन्या होतात. तिथे प्राणवायू पोहोचवून रक्त शिरांतून हृदयाकडे परत येते. रक्त असे सतत फिरत असते हे विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरांनी 1628 मध्ये पुस्तक लिहून सिद्ध केले.

प्राणवायू वाहून नेतात त्या तांबड्या पेशी. त्या गोल, चपट्या आणि मऊ असतात, म्हणून बारीक वाहिनीतूनही वाकून पुढे सरकतात. त्या सुमारे 120 दिवस जगतात.

सिकलसेलमध्ये काय होते?

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. त्या बारीक वाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि हातपाय, पाठ, छाती यांत असह्य वेदना होतात. अशा पेशी 10 ते 20 दिवसांतच मरतात, म्हणून रक्त कमी पडते, थकवा येतो, डोळे पिवळे दिसतात. असे मूल शाळेत मागे पडले तर त्याला आळशी म्हणू नये. कोणाच्या करणीने किंवा आईबापाच्या पापामुळेही हा आजार होत नाही.

सिकलसेल स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने पसरत नाही. तो आईवडिलांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल वाहक होते. त्याला सहसा काही त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून लग्न ठरवण्याआधी दोघांचीही रक्ततपासणी व्हावी. वाहक असणे हा कलंक नाही. दोन वाहकांनी मात्र निर्णय घेण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. 2047 पर्यंत हा आजार संपवणे हे तिचे ध्येय आहे. नंदुरबार, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत या तपासणीची फार गरज आहे.

आपण काय करू शकतो?

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडी आणि अतिश्रम टाळावेत, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नयेत. ताप आला, छातीत दुखले किंवा धाप लागली तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. प्रार्थना जरूर करा, पण औषध थांबवू नका.

काही रुग्णांना वरचेवर रक्त चढवावे लागते. 18 ते 65 वर्षांचा निरोगी माणूस तपासणीनंतर रक्त देऊ शकतो; पुरुष दर 3 महिन्यांनी, स्त्रिया दर 4 महिन्यांनी. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 12 व्या अध्यायात मंडळीला शरीराची उपमा दिली आहे. एका अवयवापर्यंत रक्त पोहोचले नाही तर सारे शरीर कण्हते. दूरच्या पाड्यावरचे दुखणारे मूल आपल्याच शरीराचा अवयव आहे.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत लग्नापूर्वीच्या समुपदेशनात रक्ततपासणीविषयी सांगितले जाते का?
2. या वर्षी आपल्यापैकी कोण रक्तदान करील?

प्रार्थनेचा विषय: सिकलसेलने आजारी मुले, त्यांच्या माता आणि पाड्यांवर तपासणीसाठी फिरणाऱ्या आशाताई.