मूल हे औषध नव्हे

ढाणकी, ता. उमरखेड
दसऱ्याचा दुसरा दिवस

चि. सौ. मनीषास, मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या लॅप्रोस्कोपीचा कागद जावईबापूंनी मोबाइलवर पाठवला, तो चष्मा लावून सगळा वाचला. एंडोमेट्रिओसिस, डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, नळीला चिकटा. आणि खाली तुझा प्रश्न, ‘मावशी, देवीचं कुठं काही चुकलं असेल का?’

काही चुकलं नाही. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, तसंच अस्तर बाहेर अंडाशयावर, आतड्यावर, कुठंही रुजतं. दर पाळीला तेही सुजतं, रक्ताळतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून ते ठणकतं आणि आतले अवयव एकमेकांना चिकटवतं. असं का होतं, हे डॉक्टरांनाही अजून पुरतं उमगलेलं नाही. पाळीच्या वयातल्या दहा बायकांत साधारण एकीला हा आजार असतो. एवढ्या सगळ्यांवर रेणुकामाय रुसत असेल, तर तिला दुसरं कामच उरायचं नाही.

सिस्टरच्या नोकरीत मी अशा कितीतरी बायका पाहिल्या. पाळीत ओकाऱ्या, शौचाला जाताना कळा, कापूस वेचता वेचता तासातच बसकण. घरचे म्हणायचे, ‘लेकरू झालं की जाते.’ मलाही तेच ऐकवलं गेलं. साधी सोनोग्राफी तर पुष्कळदा स्वच्छ येते, मग बाई ढोंगी ठरते. लेकरू झाल्यानं हा आजार बरा होत नाही. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काही जणींना तेवढ्यापुरता आराम पडतो, इतकंच. माझी लेक घरात आली तेव्हाही माझं पोट दुखतच होतं. एका हातात तिची दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात गरम पाण्याची पिशवी, असे दिवस मी काढले आहेत.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. दुखणं, मूल आणि देव या तिघांची लोकांनी मारलेली गाठ तू सोडव.

दुखण्याचा इलाज दुखण्यासाठी कर, मूल होवो न होवो. हॉर्मोनच्या गोळ्यांनी ठणका कमी होतो, पण त्या चालू असताना गर्भ राहणं अपेक्षित नसतं. तेव्हा तुम्हाला सध्या काय हवं आहे, ते डॉक्टरला स्पष्ट सांगा. गाठीचं ऑपरेशन पुन्हा सुचवलं, तर आधी एएमएचची रक्ततपासणी करून घे, कारण गाठ काढताना चांगली बीजंही कमी होऊ शकतात. हा आजार असलेल्या कितीतरी जणींना मुलं होतात, तेव्हा आशा सोडायचं कारण नाही. टेस्ट ट्यूबला जायचं तर जा, पण किती पैसा घालायचा ते आधी दोघांनी बसून ठरवा. शेत विकायला काढून मग ठरवू नका. आणि जावईबापूंची तपासणी झाली का? बायकोची फाइल ही जाडजूड आणि नवऱ्याचा एक साधा रिपोर्ट नाही, असं मी इतक्यांदा पाहिलं आहे की विचारल्याशिवाय राहवत नाही.

आता देवाचं. नवस बोलू नकोस असं मी म्हणणार नाही, मीही बोलले होते. पैनगंगा ओलांडून माहूरला जायचं, रेणुकेचं दर्शन घ्यायचं, मग अनसूयेचा डोंगर चढायचा. तिथं मूल मागायला बायका येतात. मीही त्यातच उभी होते, आणि उभ्या उभ्या मनात आलं, अनसूयेनं ज्या तिघा देवांना पाळण्यात घातलं ते तिच्या पोटचे कुठं होते? ते तर भिक्षा मागत दारी आले होते. तिनं त्यांची लेकरं केली आणि पाजलं. त्या दिवसापासून माझं मागणं बदललं. श्रद्धा कमी झाली नाही, सौदा तेवढा संपला.

लोकांचं मात्र तुला सोसावं लागेल. ज्या बाईचं बाळंतपण मी रात्रभर जागून केलं, तिच्याच जावेच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली की मला पाण्याचे ग्लास द्यायला आत पाठवायचे. नाळ कापायला माझा हात चालत होता, कुंकू लावायला नाही. पहिल्यांदा रडले, पुढं जाणंच सोडलं. तूही सोड. नात्यासाठी गेलंच पाहिजे असं काही नसतं.

दत्तकाचं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या आईनं विचारलं. ‘दत्तक घेतलं की कूस उजवते म्हणतात,’ असंही ती म्हणाली. या कारणासाठी मूल मुळीच आणू नका. लेकरू म्हणजे तोडगा नव्हे, आणि पुण्याचं कामही नव्हे. अनाथाला आधार दिला म्हणून शाबासकी हवी असेल, तर वसतिगृहाला देणगी द्या. पोटचं नाही याचं दुःख आधी पुरतं होऊ दे, मग नाव नोंदव.

नोंदणी ‘कारा’ या सरकारी दत्तक संस्थेच्या पोर्टलवरच करायची. समाजसेविका घरी येऊन चौकशी करते, तिच्यापासून आजार लपवू नकोस. लहान बाळासाठी रांग काही वर्षांची आहे. बाळ दाखवलं की 48 तासांत होकार कळवून ते राखून ठेवावं लागतं. दोन वर्षांखालच्या बाळासाठी नवरा-बायकोचं वय मिळून 85 च्या आत हवं, तुमचं सत्तर आहे, तेव्हा घाई नाही. आमच्या वेळी कोर्टाचा आदेश लागायचा, सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हाधिकारी देतात.

कुणीतरी येऊन सांगेल, ‘एका पोरीचं बाळंतपण आहे, परस्पर घेऊन टाका.’ त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठव. तो गुन्हा तर आहेच, पण त्या पोरीचाही विचार कर. बालकल्याण समितीपुढं मूल सोडलं, तर आईला फेरविचाराला 60 दिवस मिळतात. परस्पर नेणारा माणूस तिचे ते दिवस चोरतो.

मुलाला सुरुवातीपासून सांगायचं. आमचीला मी बोलता येण्याआधीपासून सांगत आले, म्हणून शाळेत कुणी टोचलं तेव्हा तिला नवं काही कळलं नाही, रागच आला फक्त. भाऊबंदकीचीही तयारी ठेव. सावित्रीबाई फुल्यांनी 1874 मध्ये यशवंताला दत्तक घेतलं. 1890 मध्ये जोतीराव गेले, तेव्हा दत्तकाच्या हक्कावरून नातलग अडून बसले आणि टिटवं स्वतः सावित्रीबाईंनी धरलं. पुढं तोच यशवंत डॉक्टर होऊन 1897 च्या प्लेगात त्यांच्या बरोबरीनं रोग्यांत राबला.

माहूरचा तांबूल तुझ्या बाबांच्या हाती पाठवते आहे, पोटात दुखत असताना खाऊ नकोस, तिखट लागतो. दिवाळीला येशील तेव्हा सगळे कागद आण, जावईबापूंचा रिपोर्टसुद्धा. नांदेडला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ, मी सोबत येते. तुझ्या सासूबाईंशी मी बोलू का, ते तेवढं कळव.

तुझी,
मावशी