विषाचा रिकामा डबा

पिकावर औषध फवारून झाले म्हणजे त्याचा रिकामा डबा पुष्कळ बांधव घरी आणितात. डबा मजबूत, झाकण घट्ट. टाकावयास मन होत नाही. मग त्यात कोणी पाणी भरितो, कोणी धान्य, कोणी गोडे तेल. असे डबे आम्ही अनेक घरी पाहिले आहेत, म्हणून हा धडा लिहीत आहो.

ज्यास आपण रिकामा म्हणतो तो डबा खरोखर रिकामा नसतो. विष त्याच्या कडांस व तळास चिकटून राहते, आणि घरच्या धुण्याने तो अन्न ठेवण्याजोगा होत नाही.

बिहार प्रांतातील सारण जिल्ह्यात १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील दुपारचे जेवण जेवून २३ मुले मरण पावली. तपासणीत तेलाच्या डब्यात व शिजविलेल्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. विष व अन्न ह्यांची गाठ पडली म्हणजे काय होते, हे त्या आईबापांस विचारावे.

तर मग काय करावे?

१. औषध कालवितानाच डबा धुवावा. हातमोजे घालावे. पावभर पाणी घालून, झाकण लावून चांगला हालवावा, व ते पाणी फवाऱ्याच्या टाकीतच ओतावे. असे तीनदा करावे. ओढ्यात किंवा विहिरीजवळ धुऊ नये.

२. मग डब्यास भोके पाडावी, म्हणजे तो कोणाच्याही उपयोगी पडणार नाही. तो भंगारात विकू नये.

३. जाळू नये, त्याचा धूरही विषारी असतो. गोळा करण्याची सोय असल्यास तेथे द्यावा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत असे डबे मोडून वस्तीपासून दूर पुरण्यास सांगितले आहे. पुरावयाची जागा पाण्यापासूनही दूर असावी.

४. उरलेले औषध मूळ डब्यातच, कुलुपात ठेवावे. सरबताच्या बाटलीत कधीही ओतू नये. वाचता न येणाऱ्यांनी डब्यावरील रंग पाहावा: तांबडा सर्वांत घातक, मग पिवळा, निळा व हिरवा. हिरवा असला तरी ते विषच होय.

चुकून कोणाच्या पोटात गेल्यास ओकारी काढू नये. डबा बरोबर घेऊन ताबडतोब दवाखान्यात जावे.

विचारावयाचे प्रश्न: आपल्या घरी असा डबा आहे काय? त्यात आज काय भरले आहे? उत्तर तोंडाने देऊ नका. घरी जाऊन फळीवर पाहा.